माळ रिकामा नव्हता
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या सत्रात भूगोलाच्या तासाला सरांनी टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचा माहितीपट दाखवला. विल्डबीस्टचे कळपच्या कळप नदीत उड्या घेत होते, पाण्यात मगरी टपलेल्या, आणि काठावर उघड्या टपाच्या गाड्यांतून पर्यटक दुर्बिणी रोखून उभे! सारा वर्ग स्तब्ध होता. "माणसाचा स्पर्श न झालेली भूमी," असे निवेदक म्हणाला आणि माझे मन तिथेच अडले. कारण तासाभरात तिथला म्हणावा असा एकही माणूस पडद्यावर आला नाही.

सेरेंगेटी मी पाहिलेले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. विमान तर दूरच. पण ग्रंथालयात मिळाले ते वाचले. या माळावर मासाई लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारीत. १९५१ साली इंग्रजी अमलात उद्यान झाले आणि १९५९ साली मासाईंना शेजारच्या एनगोरोंगोरो भागात हलवण्यात आले. गुरे आणि वन्य प्राणी एकत्र नांदू शकत नाहीत, हा त्यामागचा विचार.

आता बुळकांडीचे पाहा. आजीच्या माहेरचे चार बैल या रोगाने एका आठवड्यात गेले. ती अजून सांगताना पदर डोळ्यांना लावते. हीच बुळकांडी १८९० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत शिरली. मासाईंची बहुतेक गुरे मेली, उपासमारीने माणसे मेली, विल्डबीस्ट आणि रानम्हशीही मेल्या. पुढे गोऱ्या साहेबांना माळ ओस दिसला तो काही अंशी यामुळेच. नंतर १९५० च्या दशकापासून आसपासच्या गुरांना लस टोचण्यात आली. गुरांतला रोग हटला तशी विल्डबीस्टची वासरे जगू लागली. १९६१ साली अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांवर गेले. म्हणजे पर्यटक ज्याचे छायाचित्र 'अस्पर्श निसर्ग' म्हणून घरी नेतो, तो कळप मासाईंच्या गाईला टोचलेल्या सुईमुळे वाढला आहे!

आणि मासाई अडाणी आहेत म्हणावे, तर विल्डबीस्ट वितात त्या दिवसांत ते आपली गुरे तिथल्या गवतापासून लांब ठेवतात. त्या वासरांपासून गुरांना जीवघेणा ताप येतो, हे त्यांना डॉक्टरांनी शिकवलेले नाही.

माझी एक मैत्रीण म्हणते, "माणसे वाढली, गुरे वाढली, तर जनावरांनी जायचे कुठे?" तिचे म्हणणे खोटे नाही, आणि याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. पण दर वेळी उठायचे कुणी, हे आधीच ठरलेले असते. जून २०२२ मध्ये उद्यानालगतच्या लोलिओंदो भागात १५०० चौरस किलोमीटर जमीन वेगळी काढण्यासाठी खांब रोवले गेले, तेव्हा मासाई आणि पोलीस यांच्यात चकमक झाली. एक पोलीस मेला, कित्येक मासाई जखमी झाले. आमच्याकडे गायरानाचा नुसता बांध सरकला तरी गाव रात्रभर जागते. इथे तर सगळे गायरानच गेले.

पर्यटकांनी जाऊच नये, असे मी म्हणत नाही. त्या गरीब देशाला त्यातून परकीय चलन मिळते, आणि परवडले तर मीही जाईन. तो माहितीपट पुढच्या वर्गालाही दाखवतील. त्याआधी सरांनी फळ्यावर नकाशा काढून १९५९ ची ती सीमारेषा तेवढी लाल खडूने ओढावी, अशी माझी विनंती आहे.