टायटन्सवर रागावण्याचा आपलाही हक्क आहे



आपल्या वार्तापत्रात बहुधा जिंकणाऱ्यांची नावे छापली जातात. दहावीत पहिला कोण आला, वक्तृत्वात ढाल कोणी आणली, अशी. या वेळी संपादकांनी मला हरणाऱ्यांसाठी एक पान दिले, त्याबद्दल त्यांचे आभार. विषय आहे कबड्डीतला आपल्या राज्याचा संघ, तेलुगू टायटन्स. मी या संघाचा पहिल्या पर्वापासूनचा चाहता आहे आणि तेवढाच जुना तक्रारदारही आहे.

पहिली गोष्ट ‘आपला’ या शब्दाची. काही पालक मला म्हणतात, "सर, नावातच तेलुगू आहे. आपण मराठी माणसे. आपण पुणेरी पलटण नाही तर यू मुंबाच्या बाजूने बोलावे." मला हे पटत नाही. बेला, जैनद, तामसी या भागांतली आपली घरे काल-परवा येऊन वसलेली नाहीत. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत जिल्ह्याचा किनवट-राजुऱ्याकडचा भाग पलीकडे गेला, आपण अलीकडे राहिलो. आपला कापूस याच बाजारात मोजला जातो, आपली मुले तेलुगूही शिकतात, आणि २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झाले तेव्हा आपण त्याचे नागरिक झालो. त्याच वर्षी २६ जुलैला प्रो कबड्डी लीग सुरू झाली. म्हणजे हे राज्य आणि हा संघ दोन महिन्यांच्याही कमी अंतराने जन्मले. ज्याच्या अंगणात राहतो त्याच्या हारजितीशी आपला संबंध नाही, असे कसे म्हणावे? पुण्याचा संघ जिंकला की मलाही आनंद होतो, पाहुण्याच्या घरी लग्न असावे तसा. टायटन्स हरले की मात्र जेवण गोड लागत नाही. घरचा कोण आणि पाहुणा कोण, हे यावरून ठरते.

आता घरच्यांची प्रगतिपुस्तिका पाहू.

सुरुवात वाईट नव्हती. २०१५ मध्ये टायटन्स तिसरे आले. २०१६ च्या चौथ्या पर्वात पुन्हा उपांत्य फेरीपर्यंत गेले. राहुल चौधरी चढाईला निघाला की टीव्हीसमोरची बडबड थांबत असे. नंतर मात्र उतरण लागली. २०१९ मध्ये बारा संघांत अकरावा क्रमांक. त्यानंतरची तीन पर्वे सलग बारावा, म्हणजे शेवटचा. २०२१-२२ मध्ये २२ सामन्यांत एक विजय. २०२२ मध्ये २२ मध्ये दोन. २०२३-२४ मध्ये पुन्हा २२ मध्ये दोन. तिन्ही वर्षांची बेरीज करा: ६६ सामने, ५ विजय, ५ बरोबरी, ५६ पराभव. आपल्या शाळेत एखाद्या मुलाने असे गुण आणले तर आपण त्याच्या पालकांना बोलावून घेऊ. या संघाच्या पालकांना कोण बोलावणार? म्हणून हा लेख.

नशीब वाईट होते, असे म्हणणारे आहेत. दुखापती झाल्या हे खरे आहे. पण तीन वर्षे सलग तळाला राहायला नुसते नशीब पुरत नाही. माझ्या मते दुखणे दुसरे आहे, आणि ते लिलावाच्या आकड्यांतच दिसते. २०१८ मध्ये राहुल चौधरीवर १ कोटी २९ लाख लावले. संघ बाद फेरीत गेला नाही. २०१९ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडचा आपला मराठी मुलगा सिद्धार्थ देसाई १ कोटी ४५ लाखांना घेतला. संघ अकरावा. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार लावले, लीगमध्ये तोवर कोणत्याच खेळाडूला इतकी किंमत मिळाली नव्हती. संघ बारावा. भाव चढत गेला आणि क्रमांक उतरत गेला.

यात या खेळाडूंचा दोष नाही. सिद्धार्थने त्या पर्वात चढाईचे दोनशेहून जास्त गुण मिळवले. पवन तर ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार होता. त्याच मोसमात तो टायटन्सकडे आला आणि संघाने २२ पैकी दोन सामने जिंकले. भारताला सुवर्ण मिळवून देणारा कर्णधार आपल्या संघाला तळातून वर काढू शकला नाही, तर कमतरता त्याच्यात नव्हती, त्याच्या मागे उभ्या असलेल्या संघात होती.

का, ते कबड्डीचा नियमच सांगतो. मैदानावर सात जण असतात. चढाईपटू पकडला गेला की बाकावर जाऊन बसतो. तो आपल्या बळावर परत येऊ शकत नाही. सोबत्यांनी समोरचा गडी बाद केला, तरच तो जिवंत होतो. म्हणजे सर्वांत महागड्या खेळाडूला पुन्हा मैदानात आणण्याचे काम सर्वांत स्वस्त खेळाडूंच्या हातात असते. डाव्या कोपऱ्यावरच्या मुलाचा हात घोट्यावरून सुटला, मध्यरक्षक अर्धे पाऊल उशिरा आला, की कोट्यवधींचा चढाईपटू बाकावर बसून टाळ्या वाजवतो. मग एकेक गडी जातो, लोण चढतो, दोन जादा गुण जातात आणि सामना हातातून निसटतो. २०२३-२४ मध्ये आपण हे किती वेळा पाहिले, ते मोजायला बोटे पुरत नाहीत.

कोणी म्हणेल, मग चांगले बचावपटू विकत घ्यावेत. तेही करून झाले. २०२२ मध्ये सुरजित सिंग, परवेश भैंसवाल, विशाल भारद्वाज अशी नावाजलेली मंडळी संघात होती. त्याच वर्षी वीस पराभव झाले. पकड ही साखळी असते. एकाने पाय धरायचा, त्याच क्षणी दुसऱ्याने कंबर आणि तिसऱ्याने मध्यरेषेची वाट अडवायची. हे डोळ्यांच्या इशाऱ्यावर होते, आणि इशारा कळायला एकमेकांसोबत घाम गाळलेला असावा लागतो. नावे लिलावात मिळतात, ही सवय मिळत नाही.

आता त्याच २०२३ च्या लिलावातली दुसरी गोष्ट बघा. पुणेरी पलटणनेही मोठी थैली सोडली होती. इराणचा मोहम्मदरेझा शादलू त्यांनी २ कोटी ३५ लाखांना घेतला. म्हणजे खर्चात फार फरक नाही. पण तो आला तो उभ्या असलेल्या संघात. पुण्याने आपल्या ‘युवा पलटण’मधून काही वर्षे कोवळी मुले तयार केली होती. त्यांचा कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला, अशाच घडवलेल्या मुलांपैकी एक. शादलूने त्या पर्वात पकडींचे ९९ गुण घेतले, कारण त्याच्या आजूबाजूचे सगळे जागेवर होते. १ मार्च २०२४ रोजी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेतेपद घेतले. आणि तो अंतिम सामना झाला कुठे? आपल्या हैदराबादेत, गच्चीबावलीला! घर आपले, करंडक त्यांचा आणि आपला संघ बाराव्या पाटावर. त्या रात्री मराठी म्हणून मी टाळ्या वाजवल्या आणि तेलंगणाचा म्हणून मान खाली घातली.

त्यानंतर जे घडले, त्यामुळे माझ्या रागाला थोडी आशा आली आहे. २०२४ मध्ये टायटन्सने कृष्णकुमार हुडा यांना प्रशिक्षक नेमले. टायटन्सला एकच विजय मिळाला होता त्या आठव्या पर्वात दबंग दिल्लीला विजेतेपद मिळवून देणारे तेच हे हुडा. त्या वर्षी पवनला दुखापत झाली, तरी विजय मलिक आणि आशिष नरवाल यांनी गाडा ओढला. २२ पैकी १२ सामने जिंकून संघ सातवा आला. पहिल्या सहांना बाद फेरी होती, म्हणजे एका पायरीने हुकले. २०२५ मध्ये पवन संघात नव्हता. विजय मलिक कर्णधार होता, भरत हुडा तुफान खेळला, आणि नऊ वर्षांनी टायटन्स बाद फेरीत गेले. अंतिम फेरीच्या दारात त्यांना अडवले ते पुणेरी पलटणने, ५०-४५ असे. हा पराभव जिव्हारी लागला. पण ५६ पराभवांत जी लाज होती ती यात नव्हती. सगळे सात जण खेळून हरलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो.

तरीही माझी एक तक्रार शिल्लक आहे, आणि ती मोठी आहे. या संघाचे मोठे चेहरे आठवा. राहुल उत्तर प्रदेशचा, सिद्धार्थ महाराष्ट्राचा, पवन दिल्लीचा, विजय हरियाणाचा. सगळे गुणी आहेत आणि सगळ्यांचे स्वागतच आहे. पण ज्याच्या नावातच तेलुगू आहे त्या संघाचा चेहरा म्हणून आदिलाबाद, निर्मल किंवा आसिफाबादकडचा एखादा मुलगा कधी दिसणार? आपल्याकडे हुतूतू म्हणा की चेडुगुडु, हा खेळ गावोगाव आहे. पलीकडच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला जाऊन कबड्डी जगाला दाखवली. अमरावती काही फार दूर नाही. आपल्या मातीत दम कमी आहे असे मला वाटत नाही. दम मोजायला कोणी येत नाही. टायटन्सच्या मालकांनी हैदराबाद आणि विशाखापट्टणमच्या पलीकडे पाहावे, जिल्ह्याजिल्ह्यांत निवड चाचण्या घ्याव्यात, मुले पाच-पाच वर्षे सांभाळावीत. पुण्याला जमले ते इथेही जमेल.

पण मालकांना सांगताना आपणही आपल्या अंगणात पाहिले पाहिजे. विश्वस्त मंडळी, हे आपल्यासाठी. शाळांमध्ये संघ निवडताना बहुतेक ठिकाणी टायटन्सचीच चूक होते. एक चपळ, अंगाने भरलेला मुलगा हेरायचा, सगळ्या चढाया त्याला द्यायच्या आणि उरलेल्या सहांनी फक्त उभे राहायचे. तो पकडला गेला की खेळ संपला. फलकावर एका पहिल्या आलेल्या मुलाचे छायाचित्र लावून चाळीस जणांना विसरण्यासारखेच हे आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, कबड्डीचे एक नीट मैदान करावे. मोठ्या मुलांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, एवढी जागा आपल्याकडे निघेल. आपली काळी माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यामुळे वर चाळलेल्या मऊ मातीचा थर द्यावा लागेल. त्याला लाखो रुपये लागत नाहीत, पालकांचे दोन रविवारचे श्रमदान पुरेल. दोन, सरावात निम्मा वेळ पकडीला द्यावा आणि राखीव मुलांसह बाराही जणांना आळीपाळीने खेळवावे. तीन, मुलींचा संघ त्याच दिवशी, त्याच मैदानावर सुरू करावा. तो नंतर बघू, असे होऊ नये.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यातले बरेच जण आता पलटणचे चाहते झाले आहेत, हे मला ठाऊक आहे. जिंकणाऱ्याच्या मागे जायला सोपे असते. मी तुम्हाला अडवणार नाही. पण टायटन्स हरले की मधल्या सुट्टीत त्यांची टर उडवताना एवढे लक्षात ठेवा, की बाकावर बसलेल्या गड्याला परत आणायला मैदानावरच्यांनीच पकड करावी लागते. पुढच्या पर्वाला माझ्या घरचा टीव्ही टायटन्ससाठीच लागेल. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे, चहा मी देईन. शिव्या देण्याची परवानगी आहे, सामना संपण्याआधी उठून जाण्याची नाही.