मागांचा जिल्हा आणि नवे कापड

मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ देशात पसरू लागली तेव्हा एक विचित्र सत्य उघड झाले. ज्या देशाने जगाला शतकानुशतके कापड पुरविले, त्या देशात डॉक्टर-परिचारिकांना आपादमस्तक झाकणारा संरक्षक पोशाख जवळजवळ तयारच होत नव्हता. पुढे दोन-अडीच महिन्यांत रोजचे उत्पादन काही लाखांवर गेले आणि त्याचे यथोचित कौतुकही झाले. परंतु त्या यशामागे दडलेला धडा आपण फार लवकर विसरलो. शिलाईयंत्रे होती, कारागीर होते, धागाही होता. नव्हते ते ज्ञान. शिवणीतून रक्त झिरपू नये म्हणून काय करावे, कापड किती दाब सोसते हे कसे मोजावे, हे ठाऊक असणारे मोजकेच होते. कृत्रिम रक्ताच्या चाचणीसाठी आरंभी कोइमतूरच्या सिट्रा या संस्थेवरच विसंबून राहावे लागले.

हा धडा ठाणे जिल्ह्याने सर्वांआधी गिरवावयास हवा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या खचल्या आणि आधीच भिवंडीकडे वळू लागलेले विणकाम अधिक वेगाने तिकडे गेले. मात्र भिवंडीच्या वाट्याला आले ते प्रामुख्याने कोरे कापड, तेही बहुतांशी व्यापाऱ्याने दिलेल्या सुतावर मजुरीने विणलेले. आडव्या धाग्यांच्या हिशेबाने पैशांत मोजली जाणारी ही मजुरी सुताचे आणि विजेचे दर हलले की कोसळते. ठाण्याची रेमंडची गिरणी आणि कल्याणजवळच्या मोहने येथील नॅशनल रेयॉन हे दोन्ही कारखाने २००९ च्या सुमारास बंद पडले. रेमंडच्या जागेवर आता निवासी इमारती उभ्या राहिल्या आहेत.

तथापि अंगावर घालावयाच्या कापडाखेरीज दुसरे कापड या जिल्ह्याला अपरिचित आहे असे नव्हे. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनने टायरसाठी लागणारा रेयॉनचा दोरा बनविला. टायरच्या कापडात सारे बळ उभ्या धाग्यांत असते. आडवे धागे विरळ असतात आणि रबराचा थर चढेपर्यंत उभ्या धाग्यांना जागेवर धरून ठेवणे एवढेच त्यांचे काम. हे कापड कोणाच्या नजरेस पडत नाही, पण त्याच्यावाचून मालमोटार धावणार नाही. विशेष कापडाचे मर्म हेच आहे. त्याची किंमत रंगावर किंवा पोतावर ठरत नाही, ते कोणते काम करते यावर ठरते.

असे कापड शोधण्यासाठी परदेशी प्रयोगशाळाच लागते, हा समज महाराष्ट्रातच खोटा ठरला आहे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या दुबळ्या भिंतीला आधार देण्यासाठी विणलेली जाळी बसवितात. ती बहुधा गुंफणीची असते. कारण गुंफलेल्या जाळीचा तुकडा कापला तरी कडा सहसा उसवत नाहीत, ती थोडी ताणली जाते आणि तिच्या छिद्रांतून शरीराचे ऊतक वाढून तिला धरून ठेवते. ही आयात जाळी गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड तपासले, ते निर्जंतुक करून वापरले आणि आपले निष्कर्ष २००३ मध्ये शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात मांडले. पुढे युगांडातील ३०२ रुग्णांवर अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी पद्धतशीर तुलना झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ बाजारातील कोणतीही मच्छरदाणी शरीरात बसवावी असा मुळीच नाही. धागा कोणता, छिद्र केवढे, उष्णता किती सोसते, हे पारखल्यानंतरच कापडाचे औषध होते. ही पारख म्हणजेच शोध.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वाजवी आहे. अशा कापडाची मागणी थोडी, कसोट्या कडक आणि यंत्रे महाग. भिवंडीचे जुने धोट्याचे माग ते कसे विणणार? सर्व माग या वाटेने जाणार नाहीत, हे मान्य केले पाहिजे. तसे आश्वासन देणे ही माग-कामगारांची फसवणूक होईल. परंतु जखमेवरील जाळीदार कापड आणि पट्ट्या यांना साधी वीणच लागते. गरज असते ती शुद्धतेची आणि सातत्याची. शिवाय उल्हास नदीच्या एका तीरावर भिवंडी आहे आणि दुसऱ्या तीरावर डोंबिवलीची रासायनिक वसाहत. रसायने गाळावयास आम्ल सोसणारे गाळणकापड लागते. कामगाराच्या अंगावर ज्वालारोधक पोशाख लागतो. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीत झालेले भीषण स्फोट ज्यांना आठवतात, त्यांना ही गरज निराळी सांगावयास नको. पोशाखाने स्फोट टळत नाहीत, ती जबाबदारी मालकाची आणि शासनाच्या निरीक्षकांची. पण रोजच्या कामात अंगावर उडणारे आम्ल कापडच अडविते. ग्राहक आणि विणकर असे शेजारी असूनही त्यांची गाठ घालून देणारे कोणी नसावे, हे दुर्दैव होय.

केंद्राने २०२० मध्ये तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले. त्यातील १,००० कोटी संशोधनासाठी होते. राज्याच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणातही या वस्त्रांना स्थान आहे. घाटकोपरला बिट्रा आणि वरळीला सस्मिरा या संशोधन संस्था अनेक दशके उभ्या आहेत. भिवंडीपासून त्यांचे अंतर मैलांचे नाही, सवयीचे आहे. दहा-वीस मागांचा मालक संशोधनाचा अर्ज लिहीत बसणार नाही. म्हणून संस्थेनेच भिवंडीत यावे, नमुना विणण्यास माग आणि तपासण्यास मेज द्यावे, आणि फसलेल्या नमुन्याचा खर्च सरकारने सोसावा. सरकारी रुग्णालयांनी आपल्या गरजा आगाऊ जाहीर कराव्यात आणि कसोटीस उतरणाऱ्या स्थानिक मालाला खरेदीची हमी द्यावी. हमीवाचून छोटा मालक नव्या यंत्रासाठी कर्ज काढणार नाही, आणि त्याने ते काढू नये हेच शहाणपणाचे.

माग भंगारात निघाला की विणकराचे कसबही त्याच्याबरोबर जाते आणि ते पुन्हा विकत मिळत नाही. मुंबईच्या गिरण्यांबाबत हे आपण एकदा पाहिले आहे. दुसऱ्यांदा ते घडू द्यावयाचे की नाही, याचा निर्णय भिवंडीतील मागांचा खडखडाट ऐकू येतो आहे तोवरच घेतला पाहिजे.