घुमटाला आधार कोणाचा?

मुलांनो, तुमच्या आळीत कुठे घराचं बांधकाम चालू असेल, तर एकदा बघून या. स्लॅब टाकण्याआधी खाली फळ्या आणि टेकू लावतात ना, त्याला सेंट्रिंग म्हणतात. काँक्रीट घट्ट झालं, की मगच ते काढायचं. आधी काढलं तर? सगळं खाली!

आणि सेंट्रिंगशिवायच बांधतो, असं कोणी म्हणालं तर?

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात १२९६ साली एक भव्य चर्च बांधायला घेतलं. सव्वाशे वर्षं होत आली तरी त्यावर घुमट नव्हता. घुमटाची जागा चाळीस मीटरहून रुंद, तीही जमिनीपासून पन्नास मीटरच्या वर! एवढ्या आधाराला लाकूड आणायचं कुठून? शेवटी १४१८ साली स्पर्धा जाहीर झाली.

त्यात उतरला फिलिप्पो ब्रुनेलेस्की. हा मूळचा सोनार बरं का! १४०१ साली एका दरवाजावरच्या शिल्पांच्या स्पर्धेत तो गिबर्टीकडून हरला होता. मग तो रोमला गेला आणि पडक्या इमारतींची मापं घेत हिंडला. तिथल्या लोकांना वाटायचं, हा पुरलेलं धन शोधतोय. (एका अर्थी शोधतच होता.) ‘लाकडी आधार नकोच’ हे त्याचं म्हणणं ऐकून पंच एवढे चिडले, की त्याला उचलून सभेबाहेर काढलं, असं त्याचे चरित्रकार सांगतात.

पण काम मिळालं त्यालाच. त्याची युक्ती कळायला आमच्या वर्गातला खेळ करून बघा. दहा जणांनी खांद्याला खांदा भिडवून गोल करायचा आणि सगळ्यांनी थोडं आत झुकायचं. खांदे एकमेकांना दाबतात, कोणी पडत नाही. (आमच्याकडे एक पठ्ठ्या खुदकन हसला आणि अख्खा गोल कोसळला!) घुमटातलं विटांचं प्रत्येक कडं असंच स्वतःला सावरतं. पण कडं पुरं होईपर्यंत ओल्या चुन्यावरून विटा घसरतील, त्याचं काय? म्हणून त्याने आडव्या विटांच्या मध्ये थोड्या थोड्या अंतरावर उभ्या विटा बसवल्या, माशाच्या काट्यासारख्या. त्या आडव्या विटांना धरून ठेवत. शिवाय घुमट एक नाही, दोन! एकात एक, आणि मधून जिना. आजही ४६३ पायऱ्या चढून वर जाता येतं.

माल वर चढवायला त्याने बैलांचं यंत्र केलं. ओझं खाली सोडायचं तर बैल उलटे फिरवायला नकोत. नुसतं चाक बदलायचं, बैल आपले सरळच चालणार.

१४२० साली सुरू झालेला घुमट १४३६ साली पुरा झाला. आणि बघा हं, वरचा कळस कोणी करायचा, यासाठी पुन्हा स्पर्धा! एवढं करून दाखवलेल्या माणसाला पुन्हा परीक्षा. तीही त्याने जिंकली. पण कळसाचं काम सुरू होतंय न होतंय, तोच १४४६ साली तो वारला. त्याला पुरलंय त्याच चर्चमध्ये.