उसनें आत्मनिवेदन

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आपल्या लेकीसुनांचीं मुलें तेथील नामांकित कॉलेजांत शिरतील काय, या चिंतेनें वसई-विरारमधील अनेक घरें हल्लीं ग्रासलीं आहेत. चिंता खोटी नाहीं. हार्वर्डमध्यें शंभर अर्जदारांपैकीं पांचांनाही जागा मिळत नाहीं. २०२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें प्रवेश देतांना वंशाचा विचार करण्यास मनाई केली. परंतु माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांना झुकतें माप देण्याच्या चालीस त्या निकालानें धक्का लावला नाहीं. ज्याचे आईबाप तेथें शिकले नाहींत, त्या नवागतानें याला समता म्हणावें तरी कसें?

पण आमच्या लोकांनीं यावर काढलेला तोडगा अधिकच लाजिरवाणा आहे. भाडोत्री सल्लागाराकडून मुलाचें आत्मनिवेदन लिहवून घ्यावयाचें, न केलेली समाजसेवा त्यांत गोंवावयाची, आणि यालाच तयारी म्हणावयाचें!

वसईच्या खाडीच्या वरच्या अंगास कल्याण आहे. तेथें वाढलेल्या आनंदीबाई जोशी यांनीं १८८३ सालीं पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय कॉलेजकडे अर्ज केला. प्रवेशाच्या अटींत आपण कदाचित् उण्या पडूं, हें त्यांनीं लपविलें नाहीं. देशभगिनींना वैद्यकीय साहाय्य देण्याचा निर्धार मात्र स्पष्ट सांगितला. १८८६ सालीं त्या पदवीधर झाल्या. तेव्हां आजची चढाओढ नव्हती, हें कबूल. म्हणून खरेपणाची किंमत उतरली काय?

नवागताजवळ पूर्वजांचा वशिला नसतो. स्वतःची खरी हकीकत तेवढी असते. तीच आईबापांनीं विकतच्या लिखाणाखालीं गाडली, तर दार उघडलें तरी आंत जाणार कोण?