केवळ अस्तित्व नव्हे, दिशाही!

प्रयोगशाळेत एखादे जनुक प्लाझ्मिडच्या वर्तुळात जोडले, म्हणजे काम संपत नाही. तो तुकडा सुलट बसला की उलट, हे पाहावे लागते; उलट बसल्यास सर्व अक्षरे शाबूत असूनही अपेक्षित प्रथिन निर्माण होत नाही. ही पारख रेस्ट्रिक्शन एन्झाइमच्या साहाय्याने होते. समजा, तुकडा १००० अक्षरांचा आहे. त्याच्या आरंभापासून २०० अक्षरांवर एक छेदस्थान आहे आणि दुसरे प्लाझ्मिडवर, सांध्याच्या डाव्या कडेला लागूनच. सुलट जोडणीत २०० अक्षरांचा खंड सुटेल, उलट जोडणीत ८०० चा. जेलवरील पट्ट्या पाहताच निवाडा होतो.

हा विषय केवळ संशोधकांचा आहे, असे मी मानीत नाही. निसर्गही अशीच उलटापालट करतो. तीव्र हिमोफिलिया 'ए'च्या सुमारे ४५ टक्के रुग्णांत आठव्या रक्तघटकाच्या जनुकाचे पहिले २२ एक्झॉन उलटे फिरून उरलेल्या चारांपासून तुटलेले असतात. १९९३ मध्ये हे कोडे उलगडले, तेही याच युक्तीने. बीसीएल-१ एन्झाइमने कापल्यावर निरोगी जनुकाचे २१.५ व १६ किलोबेसचे खंड मिळतात. उलटलेल्या जनुकाचे, त्याच्या नेहमीच्या प्रकारात, २० व १७.५ चे.

नेहमीच्या सीक्वेन्सिंगमध्ये एकेक एक्झॉन सुटा वाचला जातो. प्रत्येक अक्षर बरोबर, म्हणून अहवाल येतो, 'दोष आढळला नाही'. आणि त्याच्या भरवशावर मातेला निर्धास्त केले जाण्याचा धोका असतो. हा उलटफेर बहुतांशी पुरुषबीज तयार होताना, म्हणजे पुष्कळदा मातेच्या पित्याकडे घडतो. त्यामुळे घराण्यात पूर्वी कोणालाही हा विकार नसला, तरी अशा मुलाची माता जवळजवळ नेहमीच वाहक असते. वाहक मातेच्या प्रत्येक पुत्राला विकाराची शक्यता निम्मी असते. तिच्या बहिणीही वाहक असू शकतात.

म्हणून माझे आग्रहाचे प्रतिपादन असे, की तीव्र हिमोफिलिया 'ए'च्या प्रत्येक बालकात प्रथम या उलटफेराची चाचणी मागवावी. आता ती पीसीआरनेही होते. ती नकारार्थी आली, तरच पुढे सीक्वेन्सिंगकडे वळावे. खर्चाचा आक्षेप येथे टिकत नाही, कारण जवळजवळ निम्म्या कुटुंबांचे उत्तर पहिल्याच पायरीवर मिळते. अहवाल हाती येताच त्याचा निष्कर्ष वाचण्यापूर्वी आपण विचारावे: नेमकी कोणती तपासणी झाली, आणि त्या तपासणीला काय दिसूच शकत नाही? पुढील अपत्याचा निर्णय घेणाऱ्या दांपत्याला एवढी दक्षता आपल्याकडून मिळालीच पाहिजे.