आधी ब्रेक, मग टायर

अमेरिकेत लष्कराने लिलावात काढलेले जुने ट्रक विकत घेऊन दारात उभे करणारी एक जमात आहे. त्यांचा सगळ्यांत लाडका ट्रक म्हणजे एम-३५. बोलीभाषेत 'ड्यूस अँड अ हाफ', म्हणजे अडीच टनी. (रस्ता नसेल तिथे अडीच टन माल नेणारा, म्हणून.) १९५०च्या सुमारास रिओ कंपनीने हा बनवायला घेतला आणि पुढे कित्येक दशकं तो लष्करात राबला. तिन्ही अ‍ॅक्सलना इंजिनाची ताकद, रिकाम्या गाडीचं वजन सुमारे ६ टन, वेग फार तर ताशी ९० किलोमीटर, पॉवर स्टिअरिंग नाही. "याचं करणार काय?" हा प्रश्न घरचे विचारतातच. त्याला उत्तर नसतं.

मी या जमातीतला नाही. पण दुसऱ्यांनी लिहिलेला जुना कोड सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे मला ही मंडळी आपली वाटतात. आणि म्हणूनच त्यांच्याशी एक भांडण आहे.

ट्रक घरी आला की पहिला खर्च कशावर होतो? मोठ्या टायरवर. मग मागचा एक अ‍ॅक्सल काढायचा, चासी कापून गाडी आखूड करायची, स्टिअरिंगला हायड्रॉलिक जोड द्यायची. सगळं दिसणारं काम. माझं म्हणणं एवढंच, की पहिला पैसा ब्रेकवर जायला हवा.

कारण असं. सगळ्यांत जास्त दिसणाऱ्या एम-३५ए२ मध्ये ब्रेकला हवेची मदत आहे, पण ती फक्त पायाचा जोर वाढवायला. प्रत्यक्ष चाकांपर्यंत जोर नेतं ते ब्रेक ऑइल, आणि त्याचा मास्टर सिलिंडर एक, सर्किटही एकच. कुठेही एक जुना होज फुटला की सगळ्या चाकांचे ब्रेक एकदम गेले. उरतो हँडब्रेक. तो ट्रान्स्फर केसच्या मागच्या ड्रमवर काम करतो, आणि तो उभी गाडी धरून ठेवायला आहे, उतारावर सहा टन थांबवायला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर हा चोख 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर'. १९८०च्या दशकात आलेल्या ५ टनी एम-९३९ मालिकेत लष्कराने पूर्ण एअर ब्रेक दिले. तिथे हवा गेली की स्प्रिंग आपोआप ब्रेक लावते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "लष्कराने इतकी वर्षं चालवला ना?"

चालवला, पण एकट्याने नाही. ट्रकबरोबर टेक्निकल मॅन्युअल होती, आणि तीही पातळीनुसार वेगळी: ड्रायव्हरने काय करायचं, युनिटच्या मेकॅनिकने काय, मोठ्या वर्कशॉपने काय. गाडी काढण्याआधी, चालवताना आणि परत आल्यावर काय तपासायचं याच्या याद्या होत्या. शिवाय लोक मॅन्युअल वाचत नाहीत हे लष्करालाही माहीत होतं, म्हणून १९५१ साली देखभालीवर 'पीएस' नावाचं मासिक सुरू झालं आणि त्याची चित्रं १९७१पर्यंत विल आयस्नरसारख्या नामवंत कॉमिक्सकाराकडे होती! एका सर्किटचा ब्रेक या सगळ्याच्या भरवशावर चालत होता. लिलावात तुम्हाला लोखंड मिळतं. ती शिस्त मागेच राहते.

मॉडिफिकेशनला माझा विरोध नाही. पण प्रत्येक जुन्या रचनेत काहीतरी गृहीत धरलेलं असतं, ते आधी समजून घ्या. साधं उदाहरण. या ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. रेडिओ लावायचा म्हणून लोक एकाच बॅटरीवरून तार काढतात. रेडिओ छान वाजतो. काही दिवसांनी एक बॅटरी अर्धवट चार्ज राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन मरते, आणि दोष जातो बॅटरीला.

इंजिनाचंही तसंच. मल्टिफ्यूएल इंजिन, डिझेल आणि केरोसीनच काय, अडचणीला पेट्रोलही पचवणारं. त्यातलं ज्वलनाचं तंत्र जर्मनीच्या मॅन कंपनीचं. (जबलपूरला पूर्वी बनणारा आपला 'शक्तिमान' ट्रकही मॅनच्याच परवान्यावरचा होता.) इंधन पातळ असो की दाट, ताकद सारखी राहावी म्हणून पंपावर एक कॉम्पेन्सेटर असतो. लोक तो बायपास करतात आणि इंधन वाढवतात. पिकअप वाढतो, हे खरं. पण एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर बसवला नसेल तर पिस्टन कधी भाजायला लागले ते कळतच नाही.

तर माझा क्रम असा. ट्रक आला की आधी मॅन्युअल. मग सगळे रबरी होज आणि व्हील सिलिंडर बदला. ब्रेक ऑइल कुठलं आहे ते बघा, कारण १९८०च्या दशकात लष्कराने सिलिकॉनचं वापरायला सुरुवात केली आणि त्यात दुकानातलं साधं डॉट-३ मिसळून चालत नाही. मग दोन स्वतंत्र सर्किटं करून घ्या, जाणकाराकडून. त्यानंतर टायर, रंग, भोंगा, काय हवं ते.

होज बदलल्याचा फोटो कुणी काढत नाही, मान्य. पण रस्त्यावर तुमच्या पुढे जी छोटी मोटार सिग्नलला उभी असते, तिच्यातल्या माणसाने तुमचा छंद निवडलेला नसतो. त्याला तुमचे टायर किती मोठे आहेत याच्याशी काहीही देणंघेणं नाही.