हौदाभोवतीचा चिखल

मळ्यातल्या विहिरीजवळ जनावरांसाठी हौद असतो. हौद भरलेला, पाणी स्वच्छ. पण भोवती पाहावे तर गुडघाभर चिखल! गाभण गाय त्यात पाय घालायला कचरते आणि दोन घोट घेऊन मागे फिरते. दुधात शेकडा ८७ भाग पाणीच असते. पाणी कमी प्यालेली गाय दूध कोठून देणार?

शिवाय सतत ओलीत राहून खुरे मऊ पडतात, बेचक्यात जखम होऊन ती कुजते. चिखल कासेला लागला की दगडीची भीती. साचलेल्या पाण्यात गोगलगाई वाढतात आणि त्यांच्यामार्फत यकृतातील चपटे कृमी पसरतात. 'म्हशीला तर चिखल आवडतोच,' असे कोणी म्हणेल. आवडू द्या, पण लोळायची जागा वेगळी आणि पाणी प्यायची वेगळी.

पुष्कळ जण चिखलावर पाचट टाकतात किंवा चार पाट्या मुरूम ओततात. पाचट कुजते, मुरूम काळ्या मातीत गडप होतो आणि पावसाळ्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! म्हणून आधी पाणी आवरा, मग माती काढा, मुरूम शेवटी टाका.

रात्री वीज येते, ऑटो स्टार्टरवर मोटार सुरू होते आणि हौद पहाटेपर्यंत वाहत राहतो. काठाखाली चार बोटांवर दोन इंची पाइप बसवा आणि ते पाणी चराने हत्तीगवताच्या वाफ्यात न्या. हौदाला टाकीवरून नळ असेल तर बॉलकॉक बसवा.

नंतर जनावरे ज्या बाजूने पितात, तेथील काळी माती १० फूट रुंद व ९ इंच खोल काढून शेतात पसरा. तळाशी दगड हाताने रचून घट्ट बसवा, फटी मुरमाने भरा. वर ४ इंच मुरूम टाकून, पाणी मारून धुमसाने चांगला चोपा. दगडाची धार वर राहू देऊ नका. उतार हौदापासून बाहेर, १० फुटांत ३ इंच ठेवा. १५ फूट लांबीला दगड-मुरूम मिळून सुमारे दीड ब्रास लागेल. सिमेंटचा कोबा केलात तर त्यावर खाचा पाडा. गुळगुळीत कोब्यावर जनावर घसरते.

हे काम वैशाखात, जमीन कोरडी असतानाच उरका. वळीव पडल्यावर मुरूम आणाल, तर गाडीच चिखलात रुतेल. पुढे दर पावसाळ्यानंतर खड्डे पाहून पाटी-दोन पाट्या मुरूम टाकत राहा, म्हणजे केलेले काम टिकेल.